जुना कोड सापडावा कसा? कोडसंग्रह न्यूरल नेटवर्कने लावण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही नऊ जण बसतो. पतपेढ्या, कापडाचे व्यापारी, मकरपुऱ्यातले कारखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर करतो. इतक्या वर्षांत साठलेले कोडचे तुकडे नीट लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात रमलो. शहरातले मराठी मित्र, कॉलेजची मुलं, कधी अहमदाबादहून फोन करणारे ओळखीचे, सगळे तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

हा नेमका काय प्रकार आहे?

एकदा लिहिलेला, तपासलेला कोड पुन्हा वापरता यावा म्हणून त्याचे सुटे भाग करून ठेवतात. त्यांना आपण कंपोनंट म्हणतो. जीएसटी क्रमांक तपासणारं फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा), आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन, पावती छापणारं मॉड्यूल, असे. कल्पना जुनी आहे. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत डग मॅकिलरॉय यांनी मांडलं होतं की कारखान्यात तयार सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळायला हवेत.

भाग तयार झाले. गुगल, गिटहब (कोड ठेवायची वेबसाइट) आणि पॅकेजांच्या, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांच्या, जमान्यात तर डोंगर झाले. अडचण आहे ती हवा तो भाग हवा तेव्हा हाताला लागण्याची. तो लागत नसेल, तर माणूस नवा लिहायला बसतो. संग्रहातल्या भागांची आपसांतली जवळीक न्यूरल नेटवर्ककडून (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमकडून) ओळखून घ्यायची आणि सारखे भाग शेजारी ठेवायचे, एवढाच हा उद्योग.

साधा सर्च आहे की. मग नेटवर्क कशाला?

आमच्याच ऑफिसातलं उदाहरण देतो. चेकवर रक्कम अक्षरी छापावी लागते. ते करणारं फंक्शन आमच्याकडे पाच ठिकाणी सापडलं, पाच जणांनी लिहिलेलं. एकाचं नाव ‘अमाउंट टू वर्ड्स’, दुसऱ्याचं ‘चेक टेक्स्ट’, तिसऱ्याचं रोमन लिपीत ‘अक्षरी रक्कम’, चौथ्याने गुजरातीत ‘शब्दोमां’ असं नाव दिलेलं, आणि पाचव्याने नुसतं ‘कन्व्हर्ट टू’. पाचही जणांनी आधी सर्च केला होता. प्रत्येकाने आपल्या मनातला शब्द टाकला, काही मिळालं नाही, म्हणून लिहून काढलं.

यात त्यांचा दोष नाही. १९८७ साली फर्नास, लँडॉवर, गोमेझ आणि ड्युमे यांनी लोक वस्तूंना नावं कशी देतात हे तपासलं होतं. एकाच गोष्टीसाठी दोन माणसांनी आपणहून तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी भरली. आपल्या शहरात एका टेबलावर मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी चालते, तिथे काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. साधा सर्च अक्षरं जुळवतो, आणि इथे अर्थ जुळवायचा असतो.

फोल्डर शिस्तीत लावले तर पुरत नाही का?

काही काळ पुरतं. मग एखादा कंपोनंट येतो आणि दोन-तीन फोल्डरांवर हक्क सांगतो. ‘ठेवीच्या व्याजाची पावती पीडीएफमध्ये छापणे’ हा व्याजात ठेवायचा, पावतीत, की छपाईत?

हा पेच आपल्या बडोद्याला नवा नाही. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालयांसाठी वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली, कटर आणि ड्युई या दोन अमेरिकन पद्धतींचा मेळ घालून. सेंट्रल लायब्ररीतल्या त्या लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन पाहिली नसेल, तर एकदा जाऊन या. हजारो पुस्तकांतलं एक पुस्तक हातात येतं, तेव्हा त्यामागे कुणी किती विचार केलेला असतो हे तिथे कळतं.

पण पुस्तक एका वेळी एकाच मांडणीवर राहू शकतं. पुस्तकाचा विषय मात्र एकाच खान्यात बसेलच असं नाही, आणि त्यावर पुढची वाट मद्रासच्या रंगनाथनांनी काढली. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या १९३३ च्या कोलन वर्गीकरणात विषयाचे पैलू पाडले जातात आणि मग ते जोडले जातात. हीच पैलूंची पद्धत रुबेन प्रिएतो-दियाझ यांनी १९८० च्या दशकात सॉफ्टवेअरला लावली. कंपोनंट काय करतो, कशावर करतो, कुठल्या माध्यमात, कोणत्या प्रकारच्या प्रणालीत, कुठल्या कामासाठी आणि कुठल्या वातावरणात, असे सहा पैलू. आपली व्याजाची पावती मग तिन्ही बाजूंनी सापडते.

पैलूंची पद्धत मला मनापासून आवडते. तिची किंमत एकच आहे: प्रत्येक कंपोनंटचे सहा पैलू कुणीतरी माणसाने बसून भरायचे, शब्दांची यादी सांभाळायची, नवा शब्द आला की जुन्या नोंदी तपासायच्या. नऊ जणांच्या ऑफिसात मार्चअखेरीला हे काम सगळ्यांत आधी मागे पडतं. नेटवर्कची मदत नेमकी या कंटाळवाण्या भागात होते.

न्यूरल नेटवर्क इथे नक्की करतं काय?

मी नेहमी सेल्फ-ऑर्गनायझिंग मॅपपासून, म्हणजे आपला आपण लागत जाणाऱ्या नकाशापासून, समजावतो, कारण त्यात काय चाललं आहे ते डोळ्यांना दिसतं. फिनलंडच्या टेउवो कोहोनेन यांनी १९८२ साली ते मांडलं.

लग्नाच्या कार्यालयात दहा बाय दहा अशी शंभर टेबलं मांडली आहेत, असं समजा. कुठे कोण बसायचं हे यजमानांनी ठरवलेलं नाही. प्रत्येक टेबलाला एक स्वभाव आहे, आणि सुरुवातीला तो कसाही, चिठ्ठ्या टाकून दिल्यासारखा. पाहुणा आत येतो, सगळ्या टेबलांकडे पाहतो आणि ज्याचा स्वभाव आपल्याशी सर्वांत जुळतो तिथे बसतो. तो बसला की त्या टेबलाचा स्वभाव थोडा त्याच्यासारखा होतो. शेजारच्या टेबलांनाही थोडा गुण लागतो, लांबच्यांना नाही. मग दुसरा पाहुणा. सगळे पाहुणे संपले की पुन्हा पहिल्यापासून, असं हजारो वेळा. सुरुवातीला शेजार मोठा धरायचा आणि बदलही मोठे करायचे. हळूहळू दोन्ही कमी करत न्यायचे.

शेवटी पाहिलं तर व्याजवाले एका कोपऱ्यात जमलेले असतात, छपाईवाले दुसऱ्या. आणि व्याजाची पावती छापणारे त्या दोघांच्या मधल्या टेबलांवर. हे कुणी सांगितलेलं नसतं. मी पहिल्यांदा आमच्याच कोडचा असा नकाशा पाहिला, तेव्हा रक्कम अक्षरी लिहिणाऱ्या त्या पाचपैकी चार फंक्शनं एका टेबलावर बसलेली होती. पाचवं, ‘कन्व्हर्ट टू’, लांब कुठेतरी तारखांच्या फंक्शनांजवळ. त्याला वर्णनच नव्हतं, बिचारं जाणार कुठे?

पाहुण्याचा ‘स्वभाव’ म्हणजे आकड्यांची एक ओळ, व्हेक्टर. सर्वांत सोपी रीत अशी: वर्णनातले शब्द मोजायचे, आणि जो शब्द थोड्याच वर्णनांत येतो त्याला जास्त वजन द्यायचं. ‘डेटा’ हा शब्द सगळीकडे असतो, त्याने काही कळत नाही. ‘मुदतठेव’ कळवतो. हे वजनाचं तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं आणि आजही ते कामाला येतं.

नेमका हाच प्रयोग १९९४ च्या सुमारास व्हिएन्नात डीटर मेर्कल, ए मिन त्जोआ आणि गेर्टी कापेल यांनी केला. सी प्लस प्लस भाषेतल्या एका तयार कोडसंग्रहाच्या (क्लास लायब्ररीच्या) माहितीतले शब्द घेऊन त्यांनी कंपोनंटचा असा नकाशा केला आणि अर्थाने जवळचे कंपोनंट शेजारी येतात हे दाखवलं.

नकाशा किती मोठा करायचा?

कंपोनंटच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि पाचाने गुणा. आमचे ४१२ आहेत. वर्गमूळ २० च्या आसपास, गुणिले पाच, म्हणजे शंभरेक खाने, वरच्या उदाहरणातली टेबलं. दहा बाय दहा. हा ढोबळ नियम आहे, अडून बसू नका.

हे तंत्र जुनं झालं ना? आता तर एआयची मोठी मॉडेलं आहेत.

नकाशाचं तंत्र जुनं आहे आणि चांगलं आहे. बदललंय ते पाहुण्याचा स्वभाव ओळखण्याचं तंत्र, आणि तिथे खरोखर मोठी झेप घेतली गेली आहे. शब्द मोजण्याच्या रीतीत ‘हप्ता’ आणि ‘ईएमआय’ हे एकमेकांना अनोळखी राहतात. २०१३ साली वर्ड-टू-व्हेक आलं आणि शब्द ज्या सोबतीत येतात त्यावरून त्यांची जवळीक ठरू लागली. पुढे अख्ख्या वाक्याचे व्हेक्टर आले. कोडच्या बाबतीत २०१९ साली गिटहबने कोडसर्चनेट हा संच खुला केला, सहा भाषांतली सुमारे ६० लाख फंक्शनं, त्यांतल्या सुमारे २० लाखांना वर्णन जोडलेलं. २०२० साली मायक्रोसॉफ्टचं कोडबर्ट आलं, ज्यात माणसाची भाषा आणि कोड दोन्ही एकाच मॉडेलने शिकलेलं असतं.

मी दोन्ही वापरतो. व्हेक्टर आजच्या मॉडेलकडून घेतो आणि नकाशा कोहोनेनच्या पद्धतीने काढतो. कारण शोध दोन तऱ्हांचा असतो. काय हवं ते माहीत असतं तेव्हा वाक्य टाइप करून पहिली पाच उत्तरं पाहिली की झालं. पण नवा माणूस कामाला लागतो, त्याला आपल्याकडे काय काय आहे हेच ठाऊक नसतं. त्याला काय टाइप कर म्हणणार? त्याला मी नकाशापुढे बसवतो. तो कोपऱ्या-कोपऱ्यातून हिंडतो आणि दुपारपर्यंत विचारतो, “दादा, इथे जीएसटी क्रमांक तपासणारे तीन कशाला?” प्रश्न अगदी रास्त असतो.

आमच्या कोडमधल्या टिप्पण्या मराठी-गुजराती मिसळीत आहेत, त्याही रोमन लिपीत. चालेल?

चालेल, पण मॉडेल निवडताना जपून. फक्त इंग्रजीवर शिकलेल्या मॉडेलला मराठी ‘वसुली’ आणि गुजराती ‘उघराणी’ यांचं नातं कळत नाही. गुगलने २०२० च्या अखेरीस आणलेलं म्युरिल हे मॉडेल इंग्रजीसह १७ भाषांवर शिकलेलं आहे. त्यांत मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत, आणि रोमन लिपीत लिहिलेला मजकूरही त्याला शिकवला आहे. मात्र ते जसंच्या तसं वाक्यांची जवळीक मोजायला फारसं उपयोगी नाही, त्यासाठी आणखी थोडं शिकवावं लागतं. वाक्यांच्या व्हेक्टरसाठी तयार केलेली बहुभाषिक मॉडेलं मिळतात, सुरुवात त्यांनीच करा.

आणि टिप्पण्या इंग्रजीत भाषांतरित करायच्या मागे लागू नका. लिहिणाऱ्याने आपल्या भाषेत लिहिलं की तो जास्त लिहितो, हा माझा अनुभव.

सुरुवात कुठून करू?

कार्डापासून. नेटवर्कपासून नव्हे.

प्रत्येक कंपोनंटला एक छोटं कार्ड करा, ग्रंथालयात असायचं तसं. त्यावर पहिलं वाक्य: हा काय करतो. दुसरं: हा काय करत नाही. हे दुसरं वाक्य कुणी लिहीत नाही आणि सर्वांत जास्त वेळ तेच वाचवतं. त्यापुढे आत काय जातं, बाहेर काय येतं, कोणत्या गृहीतावर चालतो, कुणी लिहिला, चाचण्या आहेत का, आणि आज कुठे कुठे वापरात आहे.

जीएसटी क्रमांक तपासणाऱ्या फंक्शनचं आमचं कार्ड असं आहे: “१५ अक्षरी क्रमांकाची रचना तपासतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, शेवटचं तपासणीचं. क्रमांक खरोखर नोंदलेला आहे की नाही हे सांगत नाही.” शेवटच्या वाक्यामुळे किमान दोनदा आमची फजिती टळली आहे. क्रमांक २४ ने सुरू होतो म्हणजे गुजरातचा, २७ ने म्हणजे महाराष्ट्राचा, एवढं रचनेवरून कळतं. तो चालू आहे की रद्द, हे कळत नाही.

कार्डं लिहिण्याचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. मी रोज चहाच्या आधी चार लिहिली. ४१२ कार्डांना पाच महिने लागले. मॉडेलकडून कच्चा मसुदा काढून घेता येतो, आणि पहिल्या वाक्यासाठी तो बरा असतो. ‘काय करत नाही’ आणि ‘गृहीत काय’ हे मात्र ज्याने लिहिलं किंवा वापरलं त्यालाच विचारा.

किती कंपोनंट असले तर हे सगळं करण्यात अर्थ आहे?

पन्नाससाठी नको, एक नीट यादी पुरते. शंभर-दीडशेच्या पुढे उपयोग जाणवायला लागतो.

मशीन कसलं लागतं? खर्च?

साधा लॅपटॉप चालतो. एका वाक्याचा व्हेक्टर ३८४ आकड्यांचा धरला आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट, तर ४१२ कंपोनंटना साडेसहा लाखांहून कमी बाइट लागतात. मोबाइलवरचा एक फोटो याहून मोठा असतो. मॉडेल आपल्याच मशीनवर उतरवून चालवा. पतपेढीचा कोड बाहेरच्या सेवेकडे पाठवायचा असेल, तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्या.

नेटवर्क चुकतं का?

चुकतं, आणि आमच्याकडे ते महागात पडलं असतं.

मुदतठेवीचं व्याज काढणारी दोन फंक्शनं होती. एकात वर्ष ३६५ दिवसांचं, दुसऱ्यात ३६०. दोन्हींचं वर्णन जवळपास तेच, शब्द तेच, म्हणून नकाशावर दोन्ही एकाच खान्यात. नेटवर्कच्या दृष्टीने ती जुळी होती. एका सहकाऱ्याने वरचं उचललं, आणि ते ३६० चं निघालं. एक लाखाची ठेव, ७ टक्के, ९१ दिवस: एकात १७४५ रुपये २१ पैसे, दुसऱ्यात १७६९ रुपये ४४ पैसे. चाचणीच्या वेळी पतपेढीच्या लेखापालांनी कागदावर हिशेब करून २४ रुपयांचा फरक दाखवला, म्हणून वाचलो. चूक आमची होती. कार्डावर ‘गृहीत काय’ ही ओळ त्या दिवसापासून आली.

याचं मोठं आणि दुःखद रूप म्हणजे ४ जून १९९६ चं एरियन ५ रॉकेट. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ मधून जसंच्या तसं घेतलं होतं. जुन्या रॉकेटवर ते व्यवस्थित चालत असे. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना मावला नाही, यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. कंपोनंट योग्य होता, काम तेच होतं, नावही तेच. बदललं होतं ते गृहीत. ते शब्दांत लिहिलेलं नसेल, तर शब्द वाचणारं नेटवर्क ते कुठून आणणार?

म्हणून नेटवर्कने दाखवलेलं शेजारपण ही शिफारस समजा. उचलण्याआधी कार्ड वाचा, चाचण्या चालवा.

एआय पाच मिनिटांत नवा कोड लिहून देतं. मग जुना शोधायचाच कशाला?

हा प्रश्न आता सर्वांत जास्त येतो, आणि विचारणारी मुलं हुशार असतात, म्हणून नीट उत्तर देतो.

रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन एआय खरंच पाच मिनिटांत लिहितं. आमच्या जुन्या फंक्शनमध्ये मात्र गेल्या काही वर्षांच्या चुका दुरुस्त होऊन बसल्या आहेत. एक कोटी पूर्ण असेल तर पुढे शून्य लाख येऊ नये. पैसे शून्य असतील तर ‘फक्त’ कुठे लागतं. अर्धा पैसा कुठल्या बाजूला वळवायचा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं राउंड हे फंक्शन २.५ चं २ करतं आणि ३.५ चं ४. त्यात चूक नाही, त्याचा नियमच तसा आहे, पण पतपेढीचा नियम तसा नसेल तर ताळेबंद जुळत नाही. हे सगळं ग्राहकांच्या तक्रारींतून आलेलं शहाणपण आहे. दर वेळी नवा कोड लिहून घेतला की तक्रारीही पहिल्यापासून.

दुसरं, मॉडेलं कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव आत्मविश्वासाने सुचवतात. त्या नावाने कुणी घातक पॅकेज नोंदवून ठेवलं असेल आणि तुम्ही डोळे मिटून ते उतरवलं, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

आणि दोघांचं भांडण लावायची गरजच नाही. आमच्याकडे एआयला प्रश्न देण्याआधी संग्रहातून जवळचे पाच कंपोनंट काढून त्यांची कार्डं त्याच्यापुढे ठेवतो. मग ते चाकाचा शोध नव्याने लावत बसत नाही, आपल्याच फंक्शनला हाक मारणाऱ्या चार ओळी लिहून देतं.

बाहेरची पॅकेजंही याच संग्रहात नोंदवायची का?

हो, न चुकता. लायसन्ससह. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारावरून) लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि जगभरातले कितीतरी प्रकल्प अडले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या नोंदी ठेवणाऱ्या जावा पॅकेजमधली मोठी त्रुटी बाहेर आली, तेव्हा अनेक ठिकाणी पहिला प्रश्न होता की हे आपण वापरतो तरी कुठे. कार्डावर ‘कुठे वापरात आहे’ ही ओळ असेल तर या प्रश्नाला एक मिनिट लागतं.

चांगलं चाललंय हे कसं मोजायचं?

सहकाऱ्यांनी महिनाभरात खरोखर विचारलेले पन्नास प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. प्रत्येकाचं बरोबर उत्तर कोणता कंपोनंट, हेही. मग पहिल्या पाचांत तो किती वेळा येतो ते मोजा. मॉडेल बदललं की त्याच पन्नासांवर पुन्हा मोजा. स्वतः बसून प्रश्न तयार करू नका, कारण कार्डं तुम्हीच लिहिलेली असतात आणि तुमचे शब्द त्यांच्याशी आपोआप जुळतात.

एकदा लावलं की झालं, की कुणी सांभाळायला हवं?

कुणीतरी हवंच. बॉर्डननी १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू केला. मांडण्या आणि पद्धत दोन्ही होत्या, तरी चालवणारी माणसं लागणार हे त्यांना दिसत होतं. पुढे संस्थानातून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जात, त्याही कुणीतरी निवडून, भरून, नोंद करूनच पाठवत असे.

आमच्याकडे सोमवारी सकाळी पाऊण तास यासाठी राखलेला आहे. आठवड्यात आलेले नवे कंपोनंट पाहायचे, कार्ड अपुरं असेल तर परत द्यायचं, एकाच खान्यात दोन सारखे दिसले तर लिहिणाऱ्या दोघांना बोलावून कोणता ठेवायचा ते ठरवायचं. दोन वर्षं कुणी हात न लावलेला कंपोनंट वेगळ्या कपाटात जातो, पुसला जात नाही. नकाशा तीन महिन्यांनी नव्याने काढतो. रक्कम अक्षरीची फंक्शनं आता पाचांवरून एकावर आली आहेत, आणि त्याच्या कार्डावर पाचही जुनी नावं लिहून ठेवली आहेत, ‘शब्दोमां’सकट, म्हणजे ज्याला जो शब्द आठवेल त्याने तो टाइप करावा.